वाचक विचारतात : वाळूच्या दगडात माती येते कुठून?

मागच्या अंकात गोकाकच्या कड्यावर आणि सौंदत्ती-रामदुर्ग पट्ट्यातल्या वालुकाश्मांवर एक टिपण आलं होतं. त्यात एक वाक्य होतं : ‘दगड खोल गाडला गेल्यावर दाण्यांमधल्या फटींत माती तयार होते आणि पुढे बदलत राहते.’ बहुतेक पत्रं याच वाक्यावर आली. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं देत आहोत.

वाळू वाहत्या पाण्यात धुऊन निघते, माती तर पाण्याबरोबर पुढे निघून जाते. मग वाळूपासून झालेल्या दगडात माती उरलीच कशी? आणि ती ‘तयार होते’ म्हणजे काय?
— वाचक, गोकाक

उरलेली थोडी, तयार झालेली जास्त. स्वच्छ धुतलेल्या वाळूत सुरुवातीला माती नावापुरती असते, तरी दोन-चार किलोमीटर खोलवरून काढलेल्या वालुकाश्मात पाच-दहा टक्के माती सहज सापडते. इथे माती म्हणजे शेतातली सरमिसळ नव्हे. केओलिनाइट, स्मेक्टाइट, इलाइट आणि क्लोराइट ही पातळ थरांची, पाणी धरून ठेवणारी सिलिकेट खनिजं आम्हाला म्हणायची आहेत. त्यांचे कण बहुधा २ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात.

काही माती वाळूबरोबरच येते : चिखलाचे गोळे, पातळ पापुद्रे, किंवा मुरलेला गाळ. उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पुराचं गढूळ पाणी कोरड्या वाळूत झिरपतं, पाणी खाली जातं आणि गाळ वाळूच्या दाण्यांना आडवा चिकटून बसतो. हा लेप दाण्याला समांतर असतो आणि दोन दाणे जिथे टेकतात तिथेही अडकलेला दिसतो. म्हणजे तो दगड दाबला जाण्याआधीचा. फटीतल्या पाण्यातून नंतर वाढलेली माती याच्या उलट वागते. तिचे पापुद्रे दाण्याच्या पृष्ठाशी काटकोनात उभे असतात आणि दाणे टेकतात त्या जागी ती नसते, कारण तिथे वाढायला जागाच नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली जन्माचा क्रम ठरवायचा तो या दोन खुणांवरून.

सर्वांत मोठा कारखाना मात्र फेल्डस्पार या ॲल्युमिनियमयुक्त सिलिकेट खनिजाचा. वाळूत क्वार्ट्झबरोबर फेल्डस्पारचे दाणे असतात. गोडं, किंचित आम्लधर्मी पाणी त्यांच्यावरून वाहत राहिलं, की पोटॅशियम निघून जातं, काही सिलिका सुटते आणि ॲल्युमिनियम जवळच केओलिनाइट होऊन बसतं. हिशेब मांडला तर १०० ग्रॅम पोटॅश फेल्डस्पारमधून सुमारे ४६ ग्रॅम केओलिनाइट आणि ४३ ग्रॅम सिलिका मिळते. ती सिलिका तिथेच राहिली तर क्वार्ट्झच्या रूपाने दाणे सांधते, पाण्याबरोबर गेली तर दगड पोकळ होतो.

यात अट एकच : पोटॅशियम वाहून नेणारं पाणी हवं. म्हणून नदीमुखाजवळच्या थरांत आणि काही काळ उघडे पडून पावसाने धुतल्या गेलेल्या थरांत केओलिनाइट भरपूर. फटींत खारं समुद्री पाणी साचून राहिलं असेल तर हीच क्रिया रेंगाळते. कोरड्या हवामानातल्या, नीट न धुतल्या गेलेल्या वाळूत स्मेक्टाइटला फावतं. लोहयुक्त गाळ आणणाऱ्या नद्यांच्या मुखापाशी उथळ समुद्रात हिरवट लोहखनिजांचे लेप बसतात. खोल गेल्यावर त्यांचंच क्लोराइट होतं.

तुमच्या गावच्या कड्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा दगड प्रोटेरोझोइक नावाच्या अतिप्राचीन काळातला. त्या वेळी जमिनीवर झाडं नव्हती, मुळं नव्हती, कुजणारा पाला नव्हता. पाण्याला आंबटपणा यायचा तो प्रामुख्याने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. आजच्या त्रिभुज प्रदेशात बुरसटलेल्या पानांच्या आम्लांनी जे काम होतं, ते तेव्हाच्या वाळूवर जसंच्या तसं लादता येत नाही.

कोणत्या खोलीला कोणती माती बदलते, असा तक्ता देता येईल का? दहावीच्या मुलांना सांगायचा आहे.
— भूगोल शिक्षिका, निपाणी

तक्ता देतो, पण खोलीचा नव्हे, तापमानाचा. खोली फसवते. पुष्कळ गाळाच्या खोऱ्यांत दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियस वाढ होते. पृष्ठभागाला २५ अंश धरले तर २ किलोमीटरवर ७५ ते ८५ आणि ४ किलोमीटरवर १२५ ते १४५ अंश. पण थंड, जुन्या भूखंडावर हीच ऊब गाठायला बरंच खोल जावं लागतं आणि ज्वालामुखी पट्ट्यात ती लवकर भेटते.

६०-७० अंशांपर्यंत केओलिनाइट, स्मेक्टाइट आणि क्लोराइटचे पूर्वज सुखाने नांदतात. त्याच्या पुढे स्मेक्टाइट अस्वस्थ होतं. ते थेट इलाइट होत नाही, मधल्या काळात एकाच स्फटिकात काही थर स्मेक्टाइटचे, काही इलाइटचे असे मिश्र राहतात. सुरुवातीला त्यांची मांडणी कशीही असते, सुमारे १०० अंशांच्या आसपास ती शिस्तीत येते आणि १२० च्या पुढे स्मेक्टाइटचे थर थोडेच शिल्लक राहतात. या बदलाला पोटॅशियम लागतं, ते बहुधा फेल्डस्पार किंवा अभ्रकातून येतं. बदल्यात पाणी, सिलिका, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सोडियम बाहेर पडतात. बाहेर पडलेलं लोह-मॅग्नेशियम क्लोराइटला आणि काही वेळा लोहयुक्त कार्बोनेटला उपयोगी पडतं. पोटॅशियम नसेल आणि मॅग्नेशियम-लोह भरपूर असेल, तर स्मेक्टाइट इलाइटकडे न वळता क्लोराइटची वाट धरतं.

७०-८० अंशांपासून क्वार्ट्झचं सिमेंट जाणवण्याइतकं साठू लागतं. १०० ते १३० च्या दरम्यान केओलिनाइटचं डिकाइट होतं : रासायनिक घटक तेच, थरांची रचना बदललेली, स्फटिक जाड आणि ठोकळ्यासारखे.

१२० ते १४० या पट्ट्यात खरी उलथापालथ होते. पोटॅश फेल्डस्पार आणि केओलिनाइट शेजारी असतील तर दोघं मिळून इलाइट आणि क्वार्ट्झ तयार करतात. आदर्श सूत्र धरलं तर दोघांच्या १०० ग्रॅम मिश्रणातून सुमारे ७४ ग्रॅम इलाइट, २२ ग्रॅम सिलिका आणि ३ ग्रॅमच्या वर पाणी. प्रत्यक्षातल्या इलाइटमध्ये पोटॅशियम थोडं कमी असतं, म्हणून आकडे जरा सरकतात. इथे पोटॅशियम बाहेरून आणायची गरज नाही. दोघांपैकी एक जण संपला की क्रिया थांबते. म्हणूनच ज्या वाळूत पोटॅश फेल्डस्पार आधीच विरघळून गेला आहे तिथे केओलिनाइट किंवा डिकाइट याहूनही गरम दगडात टिकून राहिलेलं सापडतं. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या वालुकाश्मांत हा पट्टा साधारण पावणेचार-चार किलोमीटरवर येतो आणि तिथे इलाइटचं प्रमाण एकदम चढतं.

मुलांना एवढं अवश्य सांगा : तापमानाबरोबर काळही मोजायचा. १०० अंशांवर पाच कोटी वर्षं राहिलेला आणि पाच लाख वर्षं राहिलेला दगड एकाच अवस्थेत नसतो.

निपाणी-चिकोडीकडे वालुकाश्मावरून बसाल्टचे लाव्हा वाहिले. त्या उष्णतेने खालची माती बदलली असेल ना?
— वाचक, चिकोडी

लाव्हाच्या थराखालचे काही मीटर भाजले जातात, तिथे मातीच्या थराला विटेसारखा तांबूस रंगही येतो. पण लाव्हा वरून लवकर निवतो आणि दगड उष्णता फार सावकाश आत नेतो, त्यामुळे भाजण्याची खोली थराच्या जाडीच्या आसपासच राहते. लाखो वर्षांच्या मंद उबेचं काम या झटक्याने होत नाही. ट्रॅपच्या, म्हणजे या बसाल्ट थरांच्या, स्वतःच्या पोकळ्यांत मात्र नंतर फिरलेल्या कोमट पाण्याने पुष्कळ उद्योग केले. तिथल्या हिरव्या मऊ पुटात सेलाडोनाइट असतं, तेही इलाइटच्या घराण्यातलंच.

दोन वालुकाश्मांत मातीचं प्रमाण सारखंच, सहा-सात टक्के. एकातून पाणी आरपार जातं, दुसऱ्यातून जवळजवळ नाही. हे कसं?
— सिव्हिल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बेळगाव

टक्केवारी हा मातीबद्दलचा सर्वांत निरुपयोगी आकडा आहे, असं आमचं मत. कोणती माती आणि ती फटीत कुठे बसली आहे, हे दोन प्रश्न आधी विचारा.

केओलिनाइट फटीच्या मधोमध षट्कोनी पत्र्यांच्या चळती रचतं. एक फट गच्च भरलेली, शेजारची मोकळी, असा प्रकार. फटींची एकूण जागा घटते, पण मोकळ्या फटी एकमेकींना जोडलेल्या राहिल्या तर पाणी वाट काढतं. इलाइट केसांसारखे तंतू सोडतं, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. त्याला वजन नाही, आकारमान नाही, सच्छिद्रता मोजली तर फारसा फरक दिसत नाही. पार्यता, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता, मात्र दहापट, शंभरपट खाली येते, कारण पाण्याला प्रत्येक फटीत त्या जाळ्यातून जावं लागतं. तुमचा दुसरा नमुना बहुधा याच जातीचा.

क्लोराइटची गोष्ट उलटी. ते दाण्यांवर काही मायक्रॉन जाडीचा पातळ लेप बसवतं. फटींची तोंडं थोडी अरुंद होतात हे खरं. पण क्वार्ट्झच्या दाण्यावर नवं क्वार्ट्झ चढायला उघडं पृष्ठ लागतं आणि लेपाने तेच झाकलेलं असतं. त्यामुळे चार-पाच किलोमीटर खोलीवरही अशा वालुकाश्मात वीस टक्क्यांच्या घरात सच्छिद्रता टिकल्याची उदाहरणं आहेत. लेप सलग हवा. कुठे भोक राहिलं की क्वार्ट्झ तिथून डोकं काढतं आणि फट भरून टाकतं. लेप फार जाड झाला तर तोच फटीचं तोंड बुजवतो. तेलवाले क्लोराइट शोधत फिरतात ते याचसाठी.

प्रयोगशाळेतली एक मोठी चूकही सांगून ठेवतो. इलाइटचे तंतू असलेला गाभ्याचा नमुना साध्या भट्टीत वाळवला, की पाणी मागे हटताना त्याचा पृष्ठताण तंतूंना ओढून भिंतीला चिकटवतो. मग पार्यता जमिनीखाली असते त्याच्या कितीतरी पट जास्त मोजली जाते आणि त्या आकड्यावर विहिरीचा अंदाज बांधला तर तो कोसळतो. नमुना ओलाच जपावा, पाण्याच्या जागी हळूहळू अल्कोहोल आणावं, मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरून तो ३१ अंशांच्या वर, ७३ वातावरणांहून अधिक दाबाखाली नेऊन वायुरूपाने सोडावा. या मार्गाने द्रव-वायूची सीमाच तयार होत नाही, म्हणून ओढ बसत नाही. स्मेक्टाइट असलेल्या नमुन्यांसाठी ६० अंश आणि ४० ते ४५ टक्के आर्द्रतेची भट्टी वापरतात, म्हणजे थरांतलं पाणी पार निघून जात नाही.

विहिरीत सोडलेली उपकरणंही मातीने फसतात. गॅमा किरणांची नोंद पोटॅशियम, थोरियम, युरेनियमवर चालते. केओलिनाइट आणि क्लोराइटमध्ये पोटॅशियम नसतं, त्यामुळे मातीने भरलेला थर ‘स्वच्छ’ वाटू शकतो. क्लोराइटच्या लेपातल्या अतिसूक्ष्म फटी पाणी धरून ठेवतात, विद्युत रोध कमी भरतो आणि तेलाचा थर पाण्याचा म्हणून सोडून दिला जातो.

आमच्या बोअरला दोन वर्षांपूर्वी तीन इंच पाणी होतं, आता एक इंचावर आलंय आणि मोटर सुरू केली की गढूळ येतं. ॲसिड सोडलं तर फटी मोकळ्या होतील असं गाडीवाला म्हणतो. सोडू का?
— शेतकरी, रामदुर्ग तालुका

नको. आधी गढूळपणा कशाचा ते बघा. काचेच्या सरळ बाटलीत पाणी भरून हलवा आणि ठेवून द्या. वाळू काही सेकंदांत बसते. २० मायक्रॉनचा बारीक गाळ १० सेंटीमीटर खाली यायला सुमारे साडेचार-पाच मिनिटं घेतो. पाणी सहा-सात तासांनंतरही दुधाळ राहिलं, तर ती २ मायक्रॉनहून बारीक माती. लालसर गाळ बसला तर केसिंगच्या बाजूने वरची तांबडी माती किंवा मुरूम आत शिरत असण्याचा संभव जास्त, तिथे दगडाचा काही दोष नाही.

फटींच्या भिंतीवरचं केओलिनाइट सैल बसलेलं असतं. मोटर मोठी बसवली, पाण्याचा वेग वाढला, की पत्रे सुटतात आणि पुढच्या अरुंद तोंडाशी जाऊन अडकतात. पाण्यातले क्षार एकदम कमी झाले तरी तेच होतं : क्षार असताना कण एकमेकांना धरून राहतात, गोड्या पाण्यात ते सुटे होतात. तेलविहिरींत आत सोडायच्या पाण्यात २-३ टक्के पोटॅशियम क्लोराइड घालतात ते याचसाठी. तुमच्या बोअरमध्ये मीठ घालायचं नाही, वेग कमी करायचा. व्हॉल्व्ह अर्धा बंद करून दोन-तीन तास चालवा, बाटलीची चाचणी पुन्हा घ्या. पाणी निवळलं तर लहान मोटर किंवा थांबून-थांबून उपसा हा खरा इलाज. नाही निवळलं तर कॉम्प्रेसरने धुऊन घ्या, कमी दाबापासून सुरुवात करून.

आता ॲसिड. तुमच्या भागातला दगड क्वार्ट्झने इतका घट्ट सांधलेला आहे, की घाव घातला तर तडा दाण्यांच्या कडेने न जाता दाणे कापून जातो. पाणी येतं ते तड्यांतून. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्वार्ट्झला काही करत नाही, केओलिनाइटलाही जवळजवळ नाही. ते चुन्यावर चालतं. यादवाड-लोकापूरकडच्या चुनखडीत त्याला काम आहे, तुमच्याकडे नाही. दगडात लोहयुक्त क्लोराइट असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. ॲसिड क्लोराइट विरघळवतं, लोह पाण्यात येतं आणि ॲसिडचा जोर संपून सामू (pH) दोन-अडीचच्या वर गेला की ऑक्सिडीकरण झालेलं ते लोह तपकिरी लिबलिबीत गाळ होऊन फटी बुजवतं. तेलाच्या धंद्यात यावर उपाय म्हणून सायट्रिक किंवा ॲसेटिक ॲसिड मिसळतात आणि वापरलेलं ॲसिड लगेच उपसून काढतात. पिण्याच्या बोअरवर हे प्रयोग करू नयेत. केसिंग खाल्लं जाईल ते वेगळंच.

आणि पाणी कमी होण्याचं पहिलं कारण पातळी खाली जाणं हेच असतं. दोरीला वजन बांधून, मोटर बंद असताना सकाळी, पातळी मोजा. ती गेल्या उन्हाळ्यापेक्षा खूप खाली असेल तर मातीला दोष देऊ नका.

खानापूरची कुंभारी माती आणि तुम्ही सांगता ते केओलिनाइट एकच का?
— वाचक, खानापूर

खनिज एकच असू शकतं, जन्म वेगळा. जांभ्याच्या प्रदेशात पावसाने खडक वर्षानुवर्षं धुऊन नेला आणि जांभ्याखाली मऊ, पांढरट-पिवळसर केओलिनाइटयुक्त माती उरली. ती कधी दोन किलोमीटर खाली गेलेली नाही. नदीकाठच्या मातीत तिच्यासोबत इतर खनिजं आणि बारीक वाळूही येते. शुद्ध केओलिनाइट भाजलं की ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान स्फटिकातलं पाणी जातं, वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटतं. त्यात काळी माती मिसळली तर चाकावर घडण लवचीक होते, पण स्मेक्टाइटमुळे सुकताना आकुंचन वाढून भांडं तडकतं.

वालुकाश्मातून माती वेगळी काढून एक्स-रे विवर्तनाने ओळखायची आहे. प्रकल्पासाठी पायऱ्या सांगाल का? पहिल्या खेपेला सगळंच इलाइट आलं.
— एम. एस्सी. भूशास्त्र, विद्यार्थिनी, बेळगाव

‘सगळंच इलाइट’ येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जास्त दळणं. बॉल मिलमध्ये टाकलेल्या नमुन्यातले अभ्रक आणि फेल्डस्पार २ मायक्रॉनखाली उतरतात आणि एक्स-रे नोंदीतलं अभ्रकाचं शिखर इलाइटच्याच जागी, १० अँगस्ट्रॉमला (अणूंच्या थरांमधलं अंतर मोजायचं एकक) पडतं. आपण दगडातली माती मोजत नसतो, आपणच केलेलं पीठ मोजत असतो.

सुरुवात नमुन्यापासून. धबधब्याच्या उघड्या कड्यावरचा तुकडा घेऊ नका. तिथलं केओलिनाइट पृष्ठभागावरच्या झिजेचंही असू शकतं आणि ते खोल गाडल्याचा पुरावा म्हणून मांडलं जाईल. खाणीतला ताजा, आतला भाग किंवा बोअरचा गाभा घ्या, १०० ते २०० ग्रॅम. हातोडीने वाटाण्याएवढे तुकडे करा, मग खलात दाबून दाणे सुटे करा, घासू नका. रात्रभर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा आणि श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) कंपनांच्या टाकीत पाच-दहा मिनिटं ठेवा. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर पुन्हा दळल्यासारखंच.

चुना असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिडने काढायचा मोह होतो. त्यात क्लोराइटही जातं. सोडियम ॲसिटेट आणि ॲसेटिक ॲसिडचं सामू ५ चं द्रावण वापरा, वेळ लागेल. मग लिटरला सुमारे अर्धा ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून ढवळा आणि उंच भांड्यात स्थिर ठेवा. २० अंशांना १० सेंटीमीटरसाठी ७ तास ४५ मिनिटं, २५ अंशांना ६ तास ५० मिनिटं, ३० अंशांना ६ तास १० मिनिटं. बेळगावच्या डिसेंबरात आणि एप्रिलात एकच वेळ धरली तर चाळण वेगवेगळी होते, म्हणून पाण्याचं तापमान लिहून ठेवा. तेवढ्या वेळानंतर वरच्या १० सेंटीमीटरमध्ये २ मायक्रॉनहून बारीक तेवढंच उरतं, ते पिपेटने किंवा नळीने काढा. तासाभरातच वरचं पाणी स्वच्छ होऊन स्पष्ट रेघ दिसली, तर माती गोळा होतेय, म्हणजे क्षार आहेत. पाणी ओतून टाका, नवं ऊर्ध्वपातित पाणी घाला, दोन-तीनदा.

काढलेली माती मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणाने संपृक्त करून धुवा, म्हणजे स्मेक्टाइटचं शिखर एका जागी येतं. काचेवर पातळ थर देऊन खोलीच्या तापमानाला वाळू द्या. भट्टीत घाईने वाळवलात तर थर तडकून उलटतो. एकाच नमुन्याच्या तीन नोंदी घ्यायच्या : हवेत वाळवलेली, इथिलीन ग्लायकोलच्या वाफेत ६० अंशांना रात्रभर ठेवलेली आणि ५५० अंशांना तासभर तापवलेली. साधी काच ५५० ला वाकते, शेवटच्या नोंदीसाठी सिरॅमिकची चकती किंवा क्वार्ट्झ काच घ्या.

वाचन असं. इथले अंश तापमानाचे नव्हेत, विवर्तनाच्या कोनाचे (२θ). तांब्याच्या एक्स-रे नळीवर इलाइट ८.८ अंशांना, १० अँगस्ट्रॉम, आणि तिन्ही नोंदींत जागेवरच. स्मेक्टाइट वाळलेलं असताना १४-१५, ग्लायकोलनंतर १७ अँगस्ट्रॉम म्हणजे ५.२ अंश, तापवल्यावर १०. ग्लायकोलनंतर शिखर १० आणि १७ च्या मध्येच कुठे तरी थांबलं, तर ते मिश्र थरांचं, आणि तुमच्या प्रकल्पाचा जीव बहुधा त्यातच असेल. केओलिनाइट १२.४ अंशांना, ७.१५ अँगस्ट्रॉम, ५५० नंतर नाहीसं. पण क्लोराइटचं दुसरं शिखर नेमकं याच जागी येतं. दोन्ही असतील तर २५ अंशांजवळ सावकाश नोंद घ्या : केओलिनाइट ३.५८ ला, क्लोराइट ३.५४ ला, जोडशिखर सुटं दिसतं. तापवल्यावर क्लोराइटचं १४ अँगस्ट्रॉमचं शिखर उलट उंच होतं, ती दुसरी खात्री.

नमुना लोहयुक्त असेल तर तांब्याच्या नळीवर लोह स्वतःच चमकतं आणि पार्श्वभूमी फुगते. मोनोक्रोमेटर किंवा कोबाल्टची नळी वापरा. शिखरांच्या उंचीवरून सरळ टक्केवारी लिहू नका, प्रत्येक खनिजाची परावर्तनाची ताकद वेगळी असते. आणि एक्स-रे फक्त ‘कोण’ ते सांगतो. ‘कुठे बसलंय’ हे पाहायला ताज्या तुटलेल्या पृष्ठाचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र हवंच.

बागलकोटकडची तांबडी वाळूदगडाची फरशी दर्शनी भिंतीला लावली. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागले. वरून वॉटरप्रूफ रंग देऊ का?
— वाचक, हुक्केरी

रंग देऊ नका. मागून भिंतीतली ओल येतच राहील, ती रंगाआड अडकेल आणि पापुद्रे जास्त जाड निघतील.

कारणं दोन असतात, क्षार किंवा फुगणारी माती. सुटलेल्या पापुद्र्यामागे पांढरी, चवीला खारट भुकटी असेल तर क्षार, ते बहुधा सिमेंटमधून किंवा जमिनीतून चढलेले. भुकटी नसेल तर पापुद्र्याची पावडर करून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. १०-१० ग्रॅमचे दोन भाग १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत टाका, एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातल्या आकारमानातून रॉकेलमधलं वजा करा, रॉकेलमधल्याने भागा, शंभरने गुणा. ही चाचणी मुळात पायाखालच्या काळ्या मातीसाठी भारतीय मानकांत दिलेली आहे. तिथे ५० च्या वरची माती फार फुगणारी समजतात. दगडात त्याहून कितीतरी कमी आकडाही पुरतो, कारण तिथे माती एखाद्या पातळ पट्टीत एकवटलेली असते.

बहुतेक वेळा दोष फरशी बसवण्यात असतो. वाळूचा दगड थराथरांनी साचतो आणि मातीच्या पट्ट्या त्या थरांनाच समांतर असतात. जमिनीवर फरशी आडवी घातली की वरचं वजन थर दाबून धरतं. तीच भिंतीला उभी चिकटवली की थर भिंतीला समांतर उभे राहतात, धरून ठेवणारं काही नसतं, आणि प्रत्येक ओल्या-सुक्या फेरीला एक थर सैल होतो. सुटलेले तुकडे काढून टाका, खालची ओल थांबवा, आणि त्या जागी नवीन दगड लावायचा असेल तर थर भिंतीशी काटकोनात येतील असा कापून घ्या. विकत घेण्याआधी दोन तुकडे दहा वेळा भिजवून-वाळवून पाहा : रात्रभर पाण्यात, दिवसभर उन्हात. कडेला नख घालून पट्टी सुटत असेल तर ती फरशी अंगणाला वापरा, भिंतीला नको.